ओ कुणी दिली

१

पलूसमध्ये आमचं घर रस्त्याला लागून आहे. पुढं रस्ता, मागं आमचाच ऊस. हंगाम सुरू झाला की दिवसभर ट्रॅक्टर जातात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर आडदांड स्पीकर. गाणं कुठलं ते कळत नाही, नुसता दणका येतो. खिडकीच्या काचा थरथरतात, कपाटातली भांडी वाजतात. त्या रस्त्याकडच्या खोलीत बसून मी नोकरी करायची.

काम होतं ऐकायचं. लोक विमा कंपनीला फोन करतात, ते फोन रेकॉर्ड होतात, आणि त्यातले काही पुण्याच्या आमच्या ऑफिसमार्फत माझ्या लॅपटॉपवर यायचे. समोरच्या मुलीनं नमस्कार नीट केला का, ती वैतागली का, गिऱ्हाइकाला काही खोटं सांगितलं का, हे ऐकून गुण द्यायचे. बीएस्सी होऊन लग्नानंतर घरात बसलेल्या मला हे काम म्हणजे मोठा आधार वाटायचा. दार लावायचं, पूर्ण कान झाकणारे हेडफोन चढवायचे आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांची भांडणं ऐकायची.

ट्रॅक्टर आला की मी आवाज वाढवायची. तो गेला तरी कमी करायचं ध्यानात राहायचं नाही. मग पुढचा ट्रॅक्टर यायचा आणि मी आणखी वाढवायची. आवाज जास्त आहे, कानाला अपाय होईल, अशी पाटी स्क्रीनवर यायची. ती मी न वाचता घालवायची.

संध्याकाळी हेडफोन काढले की कानात कापूस कोंबल्यासारखं वाटायचं. डाव्या कानात एक बारीक शिट्टी, लांबच्या कुणाच्या तरी घरातला कुकर व्हावा तशी. सकाळपर्यंत ती जायची, म्हणून मी तिची फिकीर केली नाही.

घरात दिवसा आम्ही तिघीच. मी, माझी सासू सुलाबाई, जिला आम्ही आत्ती म्हणतो, आणि माझी मुलगी सोनिया. ती बालवाडीतून दुपारी परत यायची. माझा नवरा ऋषिराज साखर कारखान्याच्या शेती खात्यात. हंगामात त्याला दिवस पुरत नाही.

२

एका दुपारी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले तर सगळीकडं जळक्या दुधाचा वास. पातेलं काळं पडलेलं. आत्ती पदर कमरेला खोचून ओटा पुसत होत्या. माझ्याकडं बघितलंही नाही.

"काय झालं, आत्ती?"

"मलाच इचार काय झालं. अंगणात शेंगा फोडत बसलेली मी. तुला हाक मारली, म्हटलं क्रांते, दुधाखालचा ग्यास बंद कर. केला म्हणालीस की!"

"मी?"

"न्हाईतर काय मी? 'ओ आत्ती, केला बंद' म्हणालीस. आन् हितं बघतीया तर सगळं दूध उतू जाऊन पातेलं करपलेलं."

"आत्ती, मला तुमची हाकच आली नाही ऐकू. मी हेडफोन घालून बसले होते."

"मग ओ कुणी दिली? भिंतीनं?"

कामात असताना माणूस नकळत हं-हं करतं, हे मला माहीत आहे. मीच फोनवरच्या मुलींचे त्यासाठी गुण कापते. तसंच झालं असेल. पातेलं घासायला घेतलं आणि विषय संपला.

पण घासता घासता एक गोष्ट मनातून जाईना. हं-हं निराळं. 'केला बंद' हे निराळं. गॅस बंद करायचाय हे ऐकल्याशिवाय ते म्हणता येत नाही.

३

त्यानंतर असं वरचेवर व्हायला लागलं. ऋषिराजच्या चुलतभावानं पाटणला नवीन घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. मला जायचं नव्हतं. एका संध्याकाळी ऋषिराज आला तो खूश होऊन.

"बरं झालं तू हो म्हणालीस. मला वाटलेलं नाटकं करतीस."

"कशाला हो म्हणाले?"

"पाटणला जायला. आईनं दुपारी तुला दारातनं इचारलं न्हाई का? मला फोन आला तिचा. म्हणाली, सून लगीच तयार झाली."

मी आत्तींकडं पाहिलं. त्या खाली बघून चपाती लाटत होत्या आणि गालात हसत होत्या. निदान मला तसं वाटलं.

त्या दिवसापासून मला त्यांचा संशय येऊ लागला. आत्तींना माझी नोकरी पसंत नव्हती. दार लावून बसते, घरात असून नसल्यासारखी असते, हे त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं. मला वाटलं, हे सगळं त्या मुद्दाम करत आहेत. मी म्हणाले नाही ते म्हणाले असं सांगायचं. दोन-चार वेळा असं झालं की ऋषिराजच म्हणणार, तुझं डोकं ठिकाणावर नाही, सोड ती नोकरी. साधा डाव होता.

मग मला आणखी गोष्टी दिसायला लागल्या. मी खोलीतून बाहेर आले की आत्ती आणि ऋषिराज हळू आवाजात बोलायचे. जेवताना एकमेकांकडं बघायचे. सोनियासुद्धा ओठ हलवून त्यांना काहीतरी सांगायची आणि तिघं हसायची. मी "काय?" विचारलं की ऋषिराज म्हणायचा, "काय न्हाई, सोड." माझ्याच घरात माझ्यापासून काहीतरी लपवलं जात होतं याबद्दल मला शंका उरली नव्हती.

म्हणून मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. ऐकणं हेच तर माझं काम होतं.

४

खोलीबाहेर मधल्या जागेत देवाचा कोनाडा आहे. तिथं समईच्या मागं मी माझा मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून ठेवला आणि नेहमीसारखी दार लावून, हेडफोन चढवून कामाला बसले.

काम संपल्यावर ते ऐकलं. ट्रॅक्टर. कुकर. आत्तींच्या चपला. मग त्यांची लांबलचक हाक, "क्रांतेऽऽ!" त्यापुढं काहीच नाही, नुसती खरखर. मग परत आत्ती, "आगं, भाजी कंची करू संध्याकाळला?" पुन्हा तेवढीच खरखर. आणि मग आत्ती मोकळेपणानं हसल्या. "तुजं आपलं कायतरीच बाई."

बाई एकटीच बोलत होती, आणि मधे माझ्या उत्तरासाठी जागा सोडत होती. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. सापडल्या.

ऋषिराज सुट्टीवर होता त्या दिवशी, आत्ती रानात गेल्यावर, मी त्याला समोर बसवून ते ऐकवलं. "ऐक. तुझी आई काय करते ते ऐक."

तो ऐकत राहिला. दुसऱ्या खरखरीच्या जागी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हसलास कशाला?"

"तूच बोललीस त्याला."

"मी काय बोलले?"

"क्रांती, हे काय आता?"

"सांग ना. मी काय बोलले?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग हळूहळू, लहान पोराला सांगावं तसं म्हणाला, "'तुमच्या हातची कुठलीबी करा. फक्त वांगं नको, तुमच्या लेकाला खाज सुटती.' असं म्हणालीस."

मी मोबाईल हेडफोनला जोडला. ती जागा पुन्हा लावली. आवाज वाढवला, अगदी शेवटपर्यंत. खरखर मोठी झाली, पण तिच्यात काहीच नव्हतं. ऋषिराजनं माझ्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढले.

"आगं येडी हायस का! येवढ्या आवाजात ऐकतीस? मला हितं बसून शब्दन् शब्द ऐकू आला!" आणि मग त्याचा आवाज उतरला. "तुला खरंच न्हाई आला?"

त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगलीत कान तपासायची वेळ घेतली.

५

तपासणीची खोली म्हणजे एक पेटीच होती. आत एक खुर्ची, भिंतींना भोकाभोकाचा स्पंज, एका बाजूला काच. काचेपलीकडं शिवांजली मॅडम. माझ्याच वयाच्या असाव्यात, शांत बोलायच्या. ऋषिराज बाहेर बाकावर बसला होता.

कानांवर पुन्हा हेडफोन आले. आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं, इतकंच. सुरुवातीला जाड, घुमणारे सूर आले, ते मी भराभर पकडले. मग सूर बारीक होत गेले. मग मी वाट बघत बसले. काचेपलीकडं मॅडमचा हात यंत्रावर फिरत होता, म्हणजे त्या काहीतरी ऐकवत होत्या. माझ्यापर्यंत येत होती ती फक्त माझी शिट्टी.

बाहेर बोलावून त्यांनी आलेख दाखवला. रेघ सरळ चालली होती आणि मग दरीत कोसळावी तशी खाली गेली होती.

"कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो," त्या म्हणाल्या. "त्यात अगदी सूक्ष्म केस असतात, ते आवाज पकडतात. सततच्या मोठ्या आवाजानं ते थकतात, आधी तात्पुरते. संध्याकाळी कान बधिर, सकाळी बरे, असं व्हायचं ना? ती सूचना होती. नंतर ते मरतात. तुमच्याकडं ऊस आहे म्हणालात. तोडलेल्या उसाला खोडवा फुटतो. या केसांना फुटत नाही."

"मला तर लोकांचं बोलणं ऐकू येतं."

"घुमणारा भाग येतो. स, श, फ, त, क, असे बारीक आवाज गळून पडतात. लहान मुलांचे आवाज आधी जातात. मग वाटायला लागतं की सगळे पुटपुटतायत, आपल्यापासून लपवून बोलतायत. घरात भांडणं होतात याच्यावरून."

मला एकदम हलकं वाटलं. आत्ती, ऋषिराज, त्यांची कुजबुज, सगळ्याचा उलगडा झाला होता. तेवढ्यात ऋषिराजनं त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्या ऐकून हसल्या. "वांगं नको! तुमचाच आवाज आहे." आणि मग कपाळाला आठी घालून त्यांनी आलेखाकडं पाहिलं. "पण बाईमाणसाचा आवाज काही सगळाच वरच्या पट्टीत नसतो. हा तुम्हाला अर्धामुर्धा तरी ऐकू यायला हवा. थांबा, शब्दांची तपासणी करू."

मी पुन्हा पेटीत बसले. त्या माईकवर शब्द म्हणणार, मी ते परत म्हणायचे. मी ओठ वाचू नयेत म्हणून त्यांनी तोंडापुढं कागद धरला आणि मान खाली घातली.

पहिला शब्द मला घुमल्यासारखा आला, अर्थ लागला नाही. चुकीचं काही बोलू नये म्हणून मी गप्प राहिले. दुसऱ्यालाही गप्प. पुढं तर शब्द आला की गेला तेही कळेना. ओठ मिटून मी काचेकडं बघत होते. मॅडमची मान खालीच होती. त्या शब्द म्हणत होत्या, क्षणभर थांबत होत्या, समाधानानं मान हलवत होत्या आणि कागदावर बरोबरची खूण करत होत्या. परत थांबत होत्या. परत खूण.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "शब्द तर सगळे बरोबर सांगितलेत. मग आलेख असा कसा आला?"

"मॅडम, मी एकही शब्द बोलले नाही."

त्या हसल्या. मग त्यांचं हसू विरलं. "चला, परत एकदा."

या वेळी त्यांनी कागद धरला पण डोळे माझ्यावर ठेवले. मी ओठ दातांखाली घट्ट धरले. त्या एक शब्द बोलल्या असाव्यात. त्यांचं पेन कागदाकडं गेलं आणि मधेच थांबलं. त्या माझ्याकडं बघत होत्या. माझ्या तोंडाकडं. मग त्यांची नजर माझ्या तोंडावरून सरकली आणि माझ्या डाव्या खांद्याच्या थोडी मागं जाऊन थांबली. मी वळून पाहिलं. स्पंजाची भिंत होती.

मॅडमनी उठून पेटीचं दार उघडलं.

"झाली तपासणी," त्या म्हणाल्या. "हेडफोन आजपासून बंद. श्रवणयंत्र मागवते मी. आलं की दिवसभर घालायचं. काढायचं नाही."

"तुम्ही काय पाहिलं?"

"यंत्र घालायला टाळाटाळ करू नका," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

६

नोकरी सोडली. हेडफोन कपाटात वर टाकले. यंत्र यायला वेळ लागणार होता, आणि मला वाटत होतं की आता कान उघडे आहेत म्हटल्यावर हा प्रकार थांबेल. शिट्टी मात्र आता सकाळीही जाईना. ती कायमची झाली होती.

आणि घर बदललं. कसं ते सांगणं अवघड आहे. आत्ती माझ्यावर खूश राहायला लागल्या. एकदा माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "नोकरी सोडल्यापास्नं कशी ग्वाड बोलतीस. आदी तोंडातनं अक्षर न्हवतं निगत." मी त्या दिवशी त्यांच्याशी काहीच बोलले नव्हते. ऋषिराज अंगणात गाडी पुसता पुसता, माझ्याकडं पाठ करून बोलत राहायचा, थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा बोलायचा. मी दारात उभी असायची, तोंडात पाणी धरून. हो, मी तेही करून पाहिलं. तोंडात पाणी असताना माणूस बोलू शकत नाही. तो तरीही थांबला, मान हलवली आणि म्हणाला, "तुजं बरोबर हाय."

यात मला सगळ्यात वाईट वाटलं ते सोनियाचं. तिचा आवाज मला आता चिमणीच्या पंखासारखा यायचा, नुसती फडफड. "काय गं? परत सांग," असं मी इतक्यांदा म्हणायची की ती कंटाळायची. मग तिनं सांगणंच सोडलं. बालवाडीतून आली की दप्तर टाकून सरळ रस्त्याकडच्या खोलीत जायची, माझ्या जुन्या कामाच्या खोलीत, आणि दार लोटून घ्यायची. फटीतून पाहिलं तर पलंगावर पाय हलवत बसलेली, आणि तिचे ओठ सारखे हलत असायचे.

"कुणाशी बोलतीस, सोना?"

तिनं माझ्याकडं आश्चर्यानं पाहिलं. काय म्हणाली ते मी ओठांवरून ओळखलं. "तुझ्याशीच की."

७

यंत्र आलं. राजम्याच्या दाण्याएवढं, कानामागं बसणारं. मॅडमनी ते डाव्या कानाला लावलं, चालू केलं, आणि मला रडू आलं. कागद वाजतो हे मी विसरले होते. ऋषिराजच्या शर्टाची इस्त्री वाजते. परत येताना गाडीत सोनिया माझ्या मांडीवर उभी राहून "शिंगाडे, शेंगदाणे, शिवशाही" असं काहीबाही म्हणत होती आणि तिचा प्रत्येक श मला टोचत होता, इतका तो स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. आत्ती अंगणात वाळवण हलवत होत्या. त्यांनी हाक मारली, "क्रांतेऽऽ!"

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून आवाज निघायच्या आत उत्तर आलं.

"ओ आत्ती. आले."

रस्त्याकडच्या खोलीतून आलं. माझा आवाज होता. मी दिवसचे दिवस लोकांचे आवाज ऐकलेत, आवाजात मी फसत नाही. आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये परका वाटतो, हे कुणीही सांगेल. हा परका वाटला नाही. आपण बोलताना डोक्याच्या आतून जसा आपला आवाज आपल्याला ऐकू येतो, जो दुसऱ्या कुणालाही कधी ऐकू येत नाही, तसा तो होता.

हातातलं ताट मी खाली ठेवलं, वाजू न देता. खोलीच्या दाराशी गेले. आत सोनिया बोलत होती.

"आईनं कानात काय घातलंय?"

"यंत्र."

"मग आता तिला ऐकू येतं?"

मग अगदी हळू, "आत्ता ती दाराशी उभी आहे."

मी दार ढकललं. सोनिया पलंगावर होती. समोर माझी कामाची खुर्ची, सोनियाकडं तोंड करून. खुर्चीत कुणी नव्हतं. पण तिची गादी फोमची आहे, बसलेलं माणूस उठलं की दबलेली जागा सावकाश वर येते. ती वर येत होती. माझ्या डोळ्यांदेखत खळगा भरत गेला आणि गादी सपाट झाली.

मी हात लावून पाहिला. जागा ऊबदार होती.

"सोना, इथं कोण बसलं होतं?"

सोनिया आपल्या पायांकडं बघत राहिली.

८

"आधी आईवर संशय घेतलास. आता पोरीवर?" ऋषिराज म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "कानाचं झालं ते मान्य हाय. पन कानाच्या पायी मन खराब करून घिऊ नकोस, क्रांती."

"मला कोरेगावला जाऊ दे. थोडे दिवस. आईकडं."

"जा की. मी अडवतोय व्हय? पन काल तर म्हणालीस, मला हितनं कुठं जायचं न्हाई."

मी सोनियाचे कपडे भरले आणि किर्लोस्करवाडीहून पॅसेंजर धरली. गाडीत, एवढ्या खडखडाटात, मी यंत्राचा आवाज वाढवून ऐकत बसले होते. डब्यात भेळवाला होता, जावळाला निघालेलं एक कुटुंब होतं, मागच्या बाकावर घोरणारा एक फौजी होता. त्यांच्या आवाजांत माझा नव्हता.

कोरेगावला माझी आई रंगूबाई एकटी असते. आमचं घर बाजारापासून आत आहे, तिथं वाहनांचा आवाज नाही. आईनं काही विचारलं नाही. घेवड्याच्या शेंगा पुढ्यात टाकल्या आणि म्हणाली, "बस निवडत. मन लागंल."

आणि खरंच लागलं. मी सकाळी उठल्यापासून यंत्र घालत होते आणि मला जे ऐकू यायचं ते ज्याचं त्याचंच असायचं. आईनं हाक मारली की ओ मीच द्यायची. सोनियाही माझ्याशी बोलायला लागली, तिचे स आणि श सगळे परत आले. अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायला लागलं. कदाचित ऋषिराजचंच खरं असेल, असं मी स्वतःला सांगू लागले. कान गेले की मेंदू रिकाम्या जागा आपल्या मनानं भरतो, असं मॅडमनीच दिलेल्या पत्रकात छापलेलं होतं. मॅडमची नजर माझ्या खांद्यामागं का थांबली, तेवढं मात्र त्या पत्रकात नव्हतं.

ऋषिराज भेटायला आला. चहा पिता पिता म्हणाला, "आईला लय सुनं वाटतंय. अजून सवयीनं तुला हाका मारते, आन् गप बसून राहते. तुम्ही गेल्यापास्नं त्या खोलीतनं आवाज न्हाई म्हंते."

"कसलाच नाही?"

"तू हितं हायस, तर तिथं कुणाचा असणार?"

तो हसला. मीही हसले. तो गेल्यावर बराच वेळ मी उंबऱ्यात उभी होते. पलूसच्या त्या खोलीत आता कुणी नाही, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

९

यंत्र रोज चार्ज करावं लागतं. त्याची एक डबी असते, तिच्यात ठेवलं की तांबडा दिवा लागतो, भरलं की हिरवा होतो. मी ते झोपताना लावायची. परवा रात्री वीज नव्हती, म्हणून काल दुपारी लावावं लागलं.

आई बाजारात गेली होती. मी पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले, सोनियाला समोर घेऊन तिची वेणी सोडत होते. तिला जवळ ठेवलं की झालं, असा माझा विचार होता. डबी बाजूला स्टुलावर होती, दिवा तांबडा. जगाचा आवाज पुन्हा पाण्याखाली गेला होता आणि डाव्या कानात शिट्टी वाजत होती.

सोनिया वळून माझ्याकडं तोंड करून बसली. काहीतरी बोलायला लागली. मी तिच्या ओठांकडं बघितलं. एवढ्या दिवसांत मला ते बरंच जमायला लागलंय. कुत्र्याच्या पिल्लाबद्दल सांगत होती, शेजारच्यांच्या. मी मान हलवली.

मग माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडं बघत नाही. तिची नजर माझ्या तोंडाच्या जरा बाजूला होती, डाव्या खांद्याच्या वर. ती बोलायची थांबली. ऐकत राहिली. कुणीतरी काहीतरी समजावून सांगत असावं तसा तिचा चेहरा शहाण्यासारखा झाला. तिनं एकदा स्टुलावरच्या डबीकडं पाहिलं आणि परत माझ्या खांद्याकडं.

मग तिचे ओठ हलले. सावकाश हलले, त्यामुळं मला प्रत्येक अक्षर वाचता आलं.

"बरं. न्हाई सांगत आईला."

मी मागं वळले नाही. माझी मान वळेचना. मला काही समजलं नाही असं दाखवत मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. माझ्या मानेवर, डाव्या बाजूला, उन्हाळ्यातल्या दुपारीसुद्धा वेगळी कळावी अशी ऊब होती, आणि दिवा हिरवा होईपर्यंत ती तिथंच होती.

संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं की यंत्र बिघडलंय, दुरुस्तीला टाकायचंय. आईला सांगितलं, फोनवर ऋषिराजला सांगितलं, सोनियासमोर दोनदा सांगितलं. आज पहाटे ते गुपचूप कानामागं बसवलं आणि वरून केस मोकळे सोडले. बहिरी असल्यासारखी मी घरभर वावरतेय आणि ऐकतेय. भांड्यांचा आवाज येतो, आईचा खोकला, शेजारचं पिल्लू. दुसरं काही नाही.

सोनिया जवळ येऊन बसते. पण काही बोलायच्या आधी हात वर करते, माझे केस बाजूला सारते, आणि कानामागं बघते.